माझ्या वतीने सही कोण करणार? सोलापुरातल्या एका वकीलबाईंच्या कामाबद्दल

वकीलबाईंचं नाव इथे लिहिणार नाही. लिहायला माझी ना नव्हती, पण त्यांनीच हात जोडले. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, आणि अशिलाने चारचौघांत केलेलं कौतुक उद्या कोणी जाहिरात म्हणून दाखवेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा एवढंच सांगते: सात रस्त्याच्या आसपास, पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. खरी गरज असलेल्याला सोलापुरात माणूस शोधायला कितीसा वेळ लागतो?

माझं वय ६७. लग्न केलं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात नोकरी संपली. जुळे सोलापुरात एका खोलीचा फ्लॅट आहे, बँकेत ठेवी आहेत, थोडे पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत. पीएफ खात्याकडून ईपीएसची पेन्शनही येते, ती किती असते हे ज्याला येते त्यालाच विचारा. नवरा-मुलं नाहीत, त्यामुळे ‘घरचे बघतील की’ असं माझ्या बाबतीत कोणी म्हणत नाही. मी अंथरुणाला खिळले तर माझे पैसे कोण काढणार, दवाखान्यात सही कोण करणार आणि मशीन लावायचं की नाही हे कोण ठरवणार, हे मला धडधाकट असतानाच कागदावर पक्कं करून हवं होतं.

डोक्यात हे शिरलं ते अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्याचं बिल रोज चढत होतं आणि अक्काच्या एकटीच्या नावावर बँकेत चांगली घसघशीत एफडी पडून होती. दाजी पावती आणि आधार घेऊन बँकेत गेले, मीही सोबत होते. काउंटरवरच्या पोराने पावती उलटीसुलटी करून सांगितलं, ‘‘काका, तुमचं नाव नॉमिनी म्हणून आहे. नॉमिनीला पैसे खातेदार गेल्यावर मिळतात.’’ दाजी म्हणाले, ‘‘म्हंजे तिच्या मरायची वाट बघू का ओ?’’ पोरगं बिचारं कॉम्प्युटरकडे बघत बसलं. मॅनेजरनेही हात वर केले. खातेदाराची सही आणा, नाहीतर कोर्टाची ऑर्डर आणा. उजवा हात उचलत नाही त्या बाईची सही कुठून आणायची?

तेव्हा कारखान्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीने या वकीलबाई सुचवल्या. मी फोनवरच सगळं सांगितलं. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या, ‘‘अक्का शुद्धीवर आहेत का? बोललेलं त्यांना कळतं का?’’ कळत होतं. मग त्यांनी रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितला. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही. फक्त बँकेला माहीत असलेले दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. नियमाचा हवाला देऊन त्यांनी अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी बँकेचा अधिकारी स्टॅम्प पॅड घेऊन दवाखान्यात हजर. एप्रिलच्या उन्हात पॅड पार वाळलेलं, नर्सने त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, अक्काचा डावा अंगठा स्पिरिटने पुसून त्यावर टेकवला आणि फॉर्मवर दाबला. पहिला ठसा नुसता काळा गोळा उमटला. दुसरा नीट आला. बँकेचा माणूस एक साक्षीदार, आणि त्याच शाखेत खातं असलेले आमचे शेजारी दुसरे. एफडी मोडली.

त्या पत्राचे बाईंनी पैसे घेतले नाहीत. ‘‘नियम त्यांचाच आहे, मी फक्त त्यांना वाचून दाखवला.’’ अक्का आता काठी घेऊन चालते, बोलणं अजून अडखळतं. पण ती पुरती बेशुद्ध असती तर हा अंगठ्याचा मार्गही बंद होता, हे बाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, आणि ते माझ्या मनातून जाईना.

तरी मी आधी त्यांच्याकडे गेले नाही. वकील म्हटलं की आपला हात पाकिटावर जातो. कोर्टाच्या आसपास टायपिंग करून देणाऱ्या एकाकडे गेले. त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीचा, नमुना तयारच होता. नाव सांगा, आधारची झेरॉक्स द्या, पाचशेचा मुद्रांक, नोटरी, अर्ध्या तासात काम खलास. मी चष्मा लावून वाचायला घेतलं तर पाचव्या की सहाव्या ओळीत ‘सदर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे’ असं सगळं लिहिलेलं. म्हटलं, अहो, मला घर विकायचं नाही. तर म्हणे, ‘‘असू द्या की मावशी, सगळ्यात असतंय.’’ आयुष्यभर मी दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली आहेत. ‘सगळ्यात असतंय’ हे कारण आमच्या मालकांनीसुद्धा कधी चालवून घेतलं नव्हतं. तशीच उठले.

मग वकीलबाईंकडे. जाताना एक कागद नेला होता. दाजींचा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो, त्याने तिथला फॉर्म छापून पाठवला होता. तिकडे २००५ च्या कायद्याने ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’ अशी सोय केली आहे. त्याचे दोन प्रकार, एक पैशाअडक्याचा आणि घरादाराचा, दुसरा तब्येतीचा आणि देखभालीचा. माणूस शुद्धीत असताना आपला मुखत्यार नेमतो, तिथलं एक सरकारी कार्यालय त्याची नोंदणी करतं, आणि पुढे माणसाची बुद्धी चालेनाशी झाली तरी कागद जिवंत राहतो. तब्येतीचा कागद तर तेव्हाच लागू होतो. पुतण्याचं म्हणणं, काकू, तुम्ही पण असलंच काहीतरी करून टाका.

बाईंनी तो फॉर्म नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, ‘‘मावशी, हे आपल्याकडे नाही.’’ आपल्या करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, २०१ व्या कलमात सरळ लिहिलंय की नेमणारा मेला किंवा त्याची बुद्धी भ्रष्ट झाली की मुखत्यारी संपली. म्हणजे मी पाय मोडून घरात पडले तर अक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, माझ्या वतीने सगळं करू शकते. मी कोमात गेले किंवा मला माणसं ओळखू येईनाशी झाली, की नेमका त्याच दिवशी कागद रद्दी. टायपिंगवाल्याच्या कागदाला मी पैसे दिले असते तर छत्री विकत घेतली असती, जी फक्त ऊन असताना उघडते.

मग आपल्याकडे अशा वेळी करतात काय? बेशुद्ध माणसाच्या पैशांसाठी पालक नेमून घ्यायला घरच्यांना हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. वेगळा कायदाच नाही, म्हणून हायकोर्टं स्वतःचा अधिकार वापरून पालक नेमतात. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात जिल्ह्यातच समिती पालक नेमते, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांच्यासाठी. अर्धांगाने आडव्या झालेल्या म्हातारीला त्याचा उपयोग नाही. आमच्यासाठी चांगली गोष्ट एकच झाली, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्यात आलं. म्हणजे मुंबईला जायची सिद्धेश्वर एक्स्प्रेस तेवढी वाचली. पण आजारी माणूस घरात ठेवून कोल्हापूरला तरी कोण आनंदाने जातंय?

या भेटीतच मला बाई पटल्या. एक कागद विकून मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं. त्या म्हणाल्या, एका कागदावर हे भागत नाही, चार-पाच लहान कागद करू, प्रत्येक आपापलं काम करेल, आणि जिथे कायदा नाही तिथे निदान तुमची इच्छा लिहिलेली राहील.

आता माणूस कोण नेमायचा? माझ्या भावाचा मुलगा आहे, पुण्यात कंपनीत आहे, स्वभावाने सोन्यासारखा. काहीही विचारलं की म्हणतो, ‘‘बघू की गं आत्या.’’ अक्काची मुलगी इथेच असते, अशोक चौकाकडे एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. फटकळ आहे. मला तोंडावर सांगते की मावशी, तू साखर जास्त खातेस. पण गोळ्यांचा डबा तीच भरते आणि माझ्या वीजबिलाची तारीख तिलाच पाठ असते. मी तिचं नाव सांगितलं. बाईंनी लगेच लिहून घेतलं नाही. आधी तिला बाहेर बसवून मला विचारलं, कोणी तुमच्यावर जोर करतंय का, हिला तुम्ही कधी पैसे दिलेत का, हिच्याशी भांडण झालं तर कागद रद्द करायचा धीर तुमच्यात आहे का. मग मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते भाचीने रिक्षात सांगितलं. बाईंनी तिला म्हटलं होतं, ‘‘ह्यात मिळत काही नाही, शिव्या मात्र मिळतात. नको असेल तर आत्ता सांग, मावशींना मी समजावते.’’ भाची म्हणाली, मला हवंय. आणि तिला जमलं नाही तर पर्यायी माणूस म्हणून भावाच्या मुलाचं नाव घातलं. तो खूश.

दुसऱ्या भेटीत बाईंनी एक वही काढली आणि प्रश्न विचारत गेल्या. हा भाग मी कधी विसरणार नाही. पैशांचे प्रश्न आधी. पैसे कमी पडले तर पहिलं काय मोडायचं, एफडी की पोस्ट? सोनं विकायचं का? घर भाड्याने देऊन तुम्हाला भाचीकडे नेलं तर चालेल का? इथपर्यंत मी फाडफाड उत्तरं दिली, हिशेबच तो. मग विचारलं, ‘‘तुम्हाला आंघोळ कोणी घातलेली चालेल?’’ मी गप्प. ‘‘पगारी बाई चालेल की घरातलीच हवी? पुरुष वॉर्डबॉय चालेल का?’’ सदुसष्ट वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, पगारी बाई चालेल, पुरुष नको, आणि भाचीने तर मुळीच घालू नये, तिला तिचा संसार आहे. शेजारी बसलेली भाची म्हणाली, ‘‘ते मी बघीन.’’ बाईंनी दोघींचं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘हिचं मत वेगळं असलं तरी इथे तुमचंच चालणार.’’

असे बरेच प्रश्न होते. वृद्धाश्रम चालेल का? चालेल, पण सोलापुरातलाच हवा, ओळखीचं माणूस आठवड्यात एकदा तरी दिसलं पाहिजे. नळीतून अन्न किती दिवस? मी म्हटलं, सुधारायची आशा डॉक्टर सांगत असतील तोवर. रात्री खोलीत दिवा हवा का? हवा. देवाचं काय? देवाचं कोणी करायची गरज नाही, फक्त सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वज निघतात तेव्हा टीव्ही लावून द्यावा. बाई हसल्या, पण लिहिलं. या यादीला कायद्याने कोणी बांधील नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. भाचीला रात्री दोन वाजता निर्णय घ्यावा लागला तर मावशीला काय हवं होतं हे तिला आठवत बसायला नको, एवढ्यासाठी तो पहिला कागद.

बाकीचे कागद भराभर सांगते.

बँकेचं काम वकिलाचं नाहीच, पण बाईंनी कसं करायचं ते सांगितलं. घरखर्चाचं एक खातं भाचीबरोबर जॉइंट केलं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघींपैकी कोणाचीही एकटीची सही चालते. एफडीपैकी काही मुदत संपल्यावर जॉइंट केल्या. मुदतीआधी मोडायच्या झाल्या तर कोणाची सही चालेल, हे फॉर्मवर आधीच लिहून घेतलं. बाईंनी बजावलं की जॉइंट खात्यातले पैसे ती उद्या सगळे काढू शकते, तेवढेच ठेवा जेवढ्यावर रात्री झोप लागेल. सगळं जॉइंट केलेलं नाही. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत मात्र काही करता आलं नाही, तिथे जॉइंट खातं फक्त नवरा-बायकोला काढता येतं. आम्हा बिनलग्नाच्यांना नॉमिनी लावण्यावर भागवायचं. नॉमिनीवरून आठवलं, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे घेऊन वारसांना द्यायचा माणूस, हे दाजींना अजून पटलेलं नाही.

दुसरा कागद खास मुखत्यारपत्र. मी शुद्धीवर आहे पण हिंडूफिरू शकत नाही, अशा दिवसांसाठी. महावितरण, घरपट्टी, सोसायटी, विम्याचा क्लेम, पेन्शनचं काम, एवढीच यादी. विक्री, गहाण, बक्षीस यातलं एक अक्षर नाही. कधीही रद्द करता येईल असं कलम, आणि रद्द केलं तर कोणाकोणाला कळवायचं तेही. बाई सांगत होत्या की मुखत्यारपत्रावर घरं ‘विकल्याचे’ कागद घेऊन लोक अजून येतात. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अशा कागदाने मालकी बदलत नाही, तरी येतात.

तिसरं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे बरं व्हायची आशा नसेल तेव्हा मशीन लावायचं की नाही हे आधीच लिहून ठेवणं. त्यासाठीच मी खरी गेले होते. आमच्या पिढीने केईएममध्ये निपचित पडून असलेल्या नर्स अरुणा शानबागबद्दल वर्षानुवर्षं पेपरात वाचलंय, म्हणून असेल. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने असं इच्छापत्र मान्य केलं, पण तेव्हा ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावं लागायचं, म्हणून फारसं कोणी करत नव्हतं. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं घालायची, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे कागद जपून ठेवणाऱ्याकडे. आमची प्रत बाईंच्या सहायकाने महापालिकेत नेऊन दिली आणि पोच आणून दिली.

नातेवाइकांच्या डोक्यात यावरून फार घोळ असतो, म्हणून थोडं सांगते. भाचीने ‘बंद करा’ म्हटलं की मशीन बंद, असं नाही. बरं व्हायची आशा नाही आणि मला स्वतःला ठरवता येत नाही, अशाच वेळी हे इच्छापत्र उघडतं. मग दवाखान्यातलं पहिलं मंडळ बसतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांचं मत झालं की दुसरं मंडळ ते तपासतं, त्यात सरकारकडून नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा असं कोर्टाने म्हटलंय. त्यानंतरही अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि म्हणाले, प्रॅक्टिसमध्ये पहिल्यांदाच असला कागद बघतोय. मग मागच्या पानावर स्वतःचा शिक्का मारला, जो कोणी मागितला नव्हता.

चौथा कागद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचा, आणि तो फुकट होतो. साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायचा, अंगठाही चालतो. त्या कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांचे गंभीर विकार बसतात, म्हणून उद्या विसरभोळेपणा हाताबाहेर गेला आणि मानसोपचार घ्यायची वेळ आली तर हा कागद कामाचा. बाईंनी मजकूर सांगितला, मी माझ्या हाताने लिहिला.

मृत्युपत्र वेगळं केलं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, साक्षीदार दोन. त्यात मी कोणाला काय दिलंय ते माझ्यानंतर सगळ्यांना कळेलच.

आता खटकलेल्या गोष्टी. फी आधी सांगत नाहीत. पहिल्या भेटीला विचारलं तर म्हणाल्या, काम बघून सांगते. माझ्यासारख्या हिशेबाच्या बाईला हे जमत नाही. शेवटी सगळं मिळून साडेआठ हजार घेतले, मुद्रांक आणि नोटरी वेगळं. एवढे कागद, इतका वेळ आणि अक्काचं ते पत्र धरलं तर जास्त नाहीत, पण आधी सांगितलं असतं तर दोन रात्री नीट झोपले असते.

टायपिंगमध्ये चुका निघाल्या. मुखत्यारपत्रात माझ्या फ्लॅटचा नंबर चुकला आणि भाचीचं सासरचं आडनाव आधारवर आहे तसं आलं नाही. मी वाचून दाखवलं म्हणून कळलं, सही झाली असती तर महावितरणच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी अडकले असते. नवा मुद्रांक त्यांनी स्वतःच्या खर्चाने घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे जाणाऱ्याने प्रत्येक ओळ आधारकार्ड शेजारी ठेवून वाचावी.

भाषाही सुरुवातीला तीच, ‘सबब सदरहू लिहून देणार यांनी’. मी म्हटलं, वैद्यकीय इच्छापत्र आयसीयूमधला पंचविशीतला डॉक्टर वाचणार, त्याला ‘सबब’ कळणार का? बाईंनी तो कागद पुन्हा सोप्या मराठीत करून दिला, शेजारी इंग्रजी प्रतही लावली, कारण रात्रपाळीला कर्नाटकातला किंवा तेलंगणातला डॉक्टर असू शकतो. ते इंग्रजीचं सुचवलं त्यांनीच.

आणि जिना. ज्या माणसाचे गुडघे गेलेत त्याच्यासाठी हे काम, आणि कचेरी पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला. कोणाला चढता येत नसेल तर बाई खाली झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसतात, खुर्ची मागवतात, पण तिथे तुमच्या आंघोळीचे प्रश्न गिऱ्हाइकांसमोर विचारता येत नाहीत. फार आजारी असेल तर घरी येतात असं कळलं, मी त्याचा अनुभव घेतलेला नाही.

वेळ पाळण्यात यथातथा. कोर्टातून निघाले म्हणतात तेव्हा कोर्टातच असतात.

पाचपैकी चार देईन. एक गुण फी आधी न सांगण्याचा आणि जिन्याचा मिळून कापला. घरात भाऊबहिणींचे दावे चालू असतील किंवा आजारी माणूस आधीच बोलण्यासमजण्यापलीकडे गेला असेल तर इथे जाऊन फार काही हाती लागणार नाही, तेव्हा हायकोर्टाचं काम करणारा वकील पाहावा. स्वतःच्या पायावर उभं असलेल्याने जावं, आणि ज्याला नेमायचंय त्या माणसाला पहिल्याच भेटीला घेऊन जावं. आधार, पॅन, पासबुकं, एफडीच्या पावत्या, फॅमिली डॉक्टरचा नंबर आणि पासपोर्ट साइझचे भरपूर फोटो सोबत ठेवा, खालच्या दुकानात फोटो काढून मिळत नाहीत. वेळ फोन करून घ्या, फक्त तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या भागात पाणी यायचा दिवस सोडून. सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून कोणी वकिलाकडे येत नाही, आमची पहिली वेळ त्यातच बुडाली होती.